कुंदाचा आवाज

जागृतीने पंखा बंद केला, हातातल्या बांगड्या काढून बाजूच्या गादीवर ठेवल्या आणि ती माइकपुढे उभी राहिली. दोन दिवसांपूर्वी एका जमून आलेल्या वाक्याच्या शेवटी त्या बांगड्या वाजल्या होत्या आणि वाक्य वाया गेलं होतं. तेव्हापासून हा नेम.

"सोडू का साहेबाले?" पडद्याआडून अश्वजितने विचारलं.

"सोड."

कानातल्या हेडफोनमध्ये साहेबाचा आवाज आला. आधीच रेकॉर्ड केलेला, जाडसर, घाईतला. "अर्थिंगची साखळी का नव्हती टाकली? कोणाची जबाबदारी होती?"

जागृतीने डोळे मिटले. एक श्वास जाऊ दिला, मग दुसरा.

"माही होती, साहेब. साखळी मायाच हातात होती. मायाच हातात होती ना, साहेब..."

शेवटचा 'साहेब' अर्ध्यात चिरला. ती तशीच उभी राहिली.  पडद्याआडून अश्वजितने नाक ओढल्याचा आवाज आला.

"काय झालं? आलं नाही का नीट?"

"आलं, मॅडम. काटा आला अंगावर."

"मलाही वाटलंच," जागृती म्हणाली आणि बांगड्या परत हातात चढवू लागली.

सेलूच्या बाजार ओळीत वासुदेवरावांचं गाद्या-उशांचं दुकान होतं. त्यामागच्या खोलीत गाद्यांच्या थप्प्या छतापर्यंत रचलेल्या असत. त्या खोलीत बोललेला शब्द भिंतीला आपटून परत येत नाही, कापसातच मुरतो, हे अश्वजितच्या लक्षात आलं आणि त्याने ती तीन महिन्यांसाठी मागून घेतली. नागपूरच्या स्टुडिओतही असा आवाज मिळत नाही, असं तो म्हणे. फक्त एप्रिलच्या दुपारी, पंखा बंद केल्यावर, खोलीची भट्टी होई. जागृतीला त्याचं काही वाटत नसे. ती गेली चौदा वर्षं गावातल्या शाळेत साठ-साठ पोरांच्या वर्गात मराठी शिकवत होती. भट्टी तिला नवीन नव्हती. शिवाय सेलूत कबड्डीचे सामने असोत, शाळेचं स्नेहसंमेलन असो की कुणाचा सत्कार, माइक तिच्याच हातात येई. तिने 'नमस्कार' म्हटलं की मंडपाच्या शेवटच्या रांगेतल्या बायांचं बोलणं थांबत असे. आपला आवाज चांगला आहे हे तिला ठाऊक होतं आणि ते ठाऊक नसल्याचा आव तिने कधी आणला नव्हता.

एकदाच, लग्नाच्या आधी, ती नागपूरला आवाजाची परीक्षा द्यायला गेली होती. काचेपलीकडच्या माणसाने ऐकून घेतलं आणि सांगितलं, आवाज उत्तम आहे, पण बोली निघते मधूनमधून. विनोदी कार्यक्रमात मोलकरणीचं काम आलं तर कळवू. त्यांनी कळवलं नाही. कळवलं असतं तरी ती गेली नसती.

आणि आता हा अश्वजित, नववीत तिच्याकडे निबंध लिहून अर्ध्यावर सोडणारा, पुण्यात चार वर्षं नोकरी करून परत आलेला, स्वतःचा व्हिडिओ गेम बनवत होता. नाव 'लाइन आली'. वादळाने बारा गावांची वीज गेली आहे आणि कुंदा नावाची वायरमन बाई खांबाखांबाने जात ती परत आणते. वाटेत लोक भेटतात. कुणी भांडतं, कुणी चहा पाजतं, कुणी खोटं बोलतं. कुंदा त्यांना काय उत्तर देते त्यावर पुढची गोष्ट ठरते. उत्तर निवडायचं ते खेळणाऱ्याने. कुंदा सगळं वऱ्हाडीत बोलते, आणि कुणाला हसवायला नाही. जागृतीने पहिली पन्नास पानं वाचली त्याच दिवशी हो म्हटलं होतं. आजवर बाराशे वाक्यं झाली होती.

अश्वजित पडदा सारून आत आला. त्याने पंखा लावला आणि उगाच एक उशी उचलून परत ठेवली.

"मॅडम, एक सांगाचं होतं."

"सांग."

"मी अजून एक प्रत बनवून राह्यलो. त्यात कुंदा बोलत नाई."

"म्हणजे?" जागृतीने विचारलं.

"या खेळांमधलं हे जुनं भांडण आहे," तो घाईने म्हणाला. "काही खेळांत नायकाले आवाज असते. त्याचा आवाज, त्याचा स्वभाव. आपण त्याच्या मागं मागं चालतो. काहींत नायक मुका. बाकी लोक त्याच्याशी बोलतात, तो बोलत नाई. पडद्यावर तीन उत्तरं येतात, आपण एकावर बोट ठेवतो, न् समोरचा असा वागते, जसं काही आपणच बोललो. काही लोकायले तेच आवडते. म्हणतात, दुसऱ्याचा आवाज आला का मग तो मी राहत नाई."

"आणि तुला काय आवडतं?"

"मले कळून नाई राह्यलं. म्हणूनच."

जागृतीने पाण्याची बाटली उघडली, दोन घोट घेतले.

"हे पाय अश्वजित," ती म्हणाली. शाळेबाहेर, आपल्या माणसांत, तिची बोली आपोआप उतरत असे. "मुक्या बाया आपण लय पाह्यल्या. घरात पाह्यल्या, मीटिंगमध्ये पाह्यल्या. सरपंच बाई खुर्चीवर, न् बोलते तिचा नवरा. आता कुठं एक बाई बारा गावच्या मान्सायले तोंडावर बोलून राह्यली, तर तिलेच तू मुकी करतं?"

अश्वजितने ती उशी पुन्हा उचलून ठेवली. 

"लोकायले विचारू," तो शेवटी म्हणाला. "दोन्ही प्रती ठेवू."

"ठेव ना. मी येते पाहायला."

भीती तिला नव्हतीच. पुण्याच्या ज्या कंपनीतर्फे खेळ बाजारात येणार होता, तिथल्या सरिता मॅडमना जागृतीचा आवाज इतका आवडला होता की जाहिरातीची चित्रफीत त्यांनी तिच्या तीन वाक्यांवरच बांधली होती.

रविवारी सकाळी वाचनालयाच्या मागच्या हॉलमध्ये दोन टेबलांवर दोन संगणक मांडले गेले. एकावर बोलणारी कुंदा, दुसऱ्यावर न बोलणारी. कॉलेजची आठ मुलंमुली आली. त्यांनी आळीपाळीने दोन्ही खेळून पाहिले आणि जाताना एका कागदावर आपलं मत लिहिलं. जागृती मागे खुर्ची टाकून बसली होती. मुलं कुठे हसतात, कुठे पुढे सरकून बसतात, हे ती वर्ग पाहावा तसं पाहत होती. बोलणाऱ्या कुंदाच्या टेबलाशी गर्दी होती. एक मुलगी तर हेडफोन काढून मागे वळली आणि म्हणाली, "मॅडम, ह्या तुम्हीच ना? मले वाटलं माही मावशीच बोलून राह्यली."

आठपैकी सहा जणांनी आवाजाला मत दिलं. अश्वजितने कागद वाचून दाखवले तेव्हा जागृतीने फक्त मान हलवली. विजय झाल्यावर फार बोलू नये, हे सूत्रसंचालनात ती कधीच शिकली होती.

साडेअकराच्या सुमारास छाया आली. ड्यूटीवरून सरळ, खाकी कपड्यांत, कमरेच्या पट्ट्याला पक्कड आणि टेस्टर खोवलेला. चाळिशी ओलांडलेली, काटक, उन्हाने रापलेली बाई. वीज खात्यात लाइनवर काम करणारी तालुक्यातली ती पहिली बाई होती. अश्वजितच्याच गल्लीत राहायची. खेळ लिहिण्याआधी दोन महिने तो तिच्या मागे फिरला होता. खांबावर पट्टा कसा अडकवतात, लाइन बंद केल्याचं परमिट कसं घेतात, शेतात पडलेल्या तारेजवळ उभ्या म्हशीला कसं हाकलतात, हे सगळं त्याने तिच्याकडूनच घेतलं होतं. छाया कामाचं सांगे, बाकी गप्प.

तिच्या जोडीच्या लाइनमनबद्दल, रामाजींबद्दल, मात्र त्याने तिला विचारलं नव्हतं. ते गावाला माहीतच होतं. सहा वर्षांपूर्वी रामाजी आणि छाया एका शिवारात तुटलेली तार जोडायला गेले. लाइन रीतसर बंद होती. पण जवळच्या एका लग्नमंडपात जनरेटर लावला होता, त्याचा करंट उलटा तारेत आला. रामाजी वर होते. तारेवर अर्थिंगची साखळी, म्हणजे असा करंट जमिनीत उतरवणारी साखळी, टाकलेली असती तर ते वाचले असते. साखळी टाकायचं राहिलं ते कोणामुळे, असं चौकशीत विचारलं गेलं, आणि छाया काही बोलली नाही. शेवटपर्यंत नाही. बोलत नाही म्हणजे चूक हिचीच, असं लोकांनी आपसांत ठरवून टाकलं. तिची बदली आष्टीला झाली, तीन वर्षांनी ती परत आली. खेळात अश्वजितने नावं बदलली, मंडप काढून पिठाची गिरणी घातली आणि छायाला एकदा जाता जाता विचारलं, "असा एक सीन टाकू का, ताई?" ती "टाक" म्हणाली होती.

"बसा, छायाताई," अश्वजितने बोलणाऱ्या कुंदाच्या टेबलाशी खुर्ची ओढून दिली.

छायाने हात पुसून माउस धरला. सुरुवातीला ती चुका काढत होती. "हा पट्टा उलटा घातला बाप्पा तिनं." "डीपीच्या पेटीचं दार इतकं सहज नाई उघडत, लाथ घालावं लागते." अश्वजित वहीत उतरून घेत होता. एका गावात म्हातारा कुंदाला 'बाईमाणूस कायले पाठवली' असं म्हणाला, तेव्हा छाया हसली. जागृतीचं तिखट उत्तर ऐकून आणखी हसली. जागृती तिच्या मागे येऊन उभी राहिली. पुढे कोणता प्रसंग येणार हे तिला माहीत होतं, आणि तो छायाने ऐकावा असं तिला मनापासून वाटत होतं. दुसऱ्या कुणी ऐकण्यापेक्षा छायाने.

पडद्यावर शेत आलं, खांब आला. खाली लोक जमलेले. साहेब कागद घेऊन पुढे आला. "अर्थिंगची साखळी का नव्हती टाकली? कोणाची जबाबदारी होती?"

तीन उत्तरं आली. छायाने मधलं निवडलं, 'माझी होती.'

हेडफोनमधून पाझरणारा आपला आवाज जागृतीला मागेही बारीक ऐकू आला. तो चिरला त्या जागी तिने छायाच्या चेहऱ्याकडे पाहिलं.

छायाने हेडफोन काढला. तार नीट गुंडाळून तो टेबलावर ठेवला.

"लय चांगलं बोलता, मॅडम तुमी," ती म्हणाली. "खरंच चांगलं." मग उठून कोपऱ्यातल्या माठातलं पाणी प्यायली. गडू पालथा घालून ती परत आली तेव्हा दुसऱ्या टेबलाकडे पाहत होती. "त्याच्यावर बी हेच आहे का?"

"हेच आहे," अश्वजित म्हणाला. "फक्त कुंदा बोलत नाई."

"पाहू."

त्याने तिला सरळ तोच प्रसंग लावून दिला. शेत, खांब, लोक. साहेब पुढे आला आणि त्याने तेच विचारलं. तीन उत्तरं पडद्यावर येऊन थांबली, आणि खेळही थांबला. झाडाची पानं तेवढी हलत होती आणि साहेब हातातला पेन तसाच धरून उभा होता.

छाया बसून राहिली. माउसवर हात होता, बोट हलत नव्हतं. मिनिट झालं असेल. अश्वजितला वाटलं तिला कळलं नसावं. तो पुढे वाकला. जागृतीने त्याचा कोपर धरला. वर्गात एखादं पोर उत्तराच्या जवळ आलेलं असतं आणि बाजूचं पोर त्याला सांगू पाहतं, तेव्हा ती असाच कोपर धरत असे.

"साहेब," छाया पडद्याकडे पाहत म्हणाली. आवाज मोठा नव्हता, रोजचाच होता. "पहिले त्यायले खाली घेऊ द्या. मंग विचारा."

हॉलमध्ये या तिघांखेरीज कुणी नव्हतं, नाहीतर कुणालातरी वाटलं असतं ती समोरच्या माणसाशीच बोलते आहे. तिने आणखी थोडा वेळ वाट पाहिली, जणू साहेब आता मागे सरेल. मग तिने तिन्हींतलं एक उत्तर न वाचताच दाबलं आणि खुर्ची मागे सारली.

पायऱ्यांवर चपला घालताना तिने आपणहून सांगितलं. पंचनामा होत नाही तोवर हात लावायचा नाही, असं ठरलं होतं. रामाजी पट्ट्याला लटकूनच होते, खांबाला टेकून, झोप लागल्यासारखे. खाली साहेबांनी कागद काढला आणि विचारायला सुरुवात केली. सगळे एकेक करून विचारत होते.

"मले वर दिसून राह्यले होते ते. त्यायची एक चप्पल खाली पडली होती. ती हातात घेऊन उभी होती मी. तोंडातून शब्द नाई निघाला." तिने पट्ट्यातली पक्कड सरळ केली. "आष्टीले असताना खांबावर चढली का जुळवत जाओ मनात, काय म्हणायले पाहिजे होतं. जुळेच नाई. आज कसं निघालं कोणास ठाऊक."

"चूक कोणाची होती, छायाताई?" जागृतीच्या तोंडून गेलं. गेल्याबरोबर तिला आपला आवाज ऐकू आला: स्वच्छ, गोल, शेवटच्या रांगेपर्यंत पोचणारा.

छायाने तिच्याकडे पाहिलं. राग नव्हता त्यात. "जाते मी," ती म्हणाली, "धपकीकडची लाइन चालू कराची आहे." आणि मोटारसायकलला किक मारून गेली.

दुसऱ्या दिवशी दुपारी जागृती गाद्यांच्या खोलीत आली तेव्हा अश्वजित तिच्या आधीच येऊन बसला होता. डोळ्यांवर जागरण होतं आणि चेहऱ्यावर उत्साह मावत नव्हता.

"मॅडम, मी चौथं उत्तर टाकलं. हे पाहा." त्याने कागद पुढे केला. त्यावर मोठ्या अक्षरात एकच ओळ होती: साहेब, पहिले त्यायले खाली घेऊ द्या. मंग विचारा. "दोन वर्षांत मले असं एक वाक्य सुचलं नाई. सगळ्या खेळाचं वाक्य आहे हे. तुमच्या आवाजात आलं का कोणी मुकी कुंदा मागणार नाई. चार वाजता सरिता मॅडमचा फोन आहे, त्यायलेच ऐकवू."

जागृतीने कागद घेतला. पंखा बंद केला, बांगड्या काढल्या, हेडफोन लावला. साहेबाने प्रश्न विचारला. तिने क्षणभर थांबून वाक्य म्हटलं. ते पहिल्याच खेपेला उत्तम आलं. 'साहेब'वर किंचित वजन, 'खाली'वर आवाज उतरलेला, आणि 'मंग विचारा' जवळजवळ कुजबुजीत. कबड्डीच्या मैदानावर एखाद्याची चढाई पूर्ण व्हावी तसं ते पूर्ण झालं. तिला दुसरी खेप लागलीच नाही.

पडद्याआडून अश्वजितने टाळी वाजवली.

जागृती हेडफोन काढून उभी राहिली. कपाळावरचा घाम तिने मनगटाने पुसला.

"मिटव ते," ती म्हणाली.

"काऊन? काय चुकलं?"

"काहीच नाही चुकलं. मिटव." ती बाहेर आली आणि त्याच्या समोरच्या गादीवर बसली. "छायाताईले विचारलं का?"

"त्यायनंच तर म्हटलं, मॅडम. तुमच्यासमोर."

"त्यायनं साहेबाले म्हटलं. तुले नाई."

 कागद दोघांच्या मध्ये पडला होता. त्याने तो उचलला, घडी केली, पुन्हा उघडला.

"मग काय करू? मधलंच उत्तर ठेवू?"

"कुंदाचा आवाज काढून टाक. सगळा."

"बाराशे वाक्यं आहेत, मॅडम!"

"माहीत आहे. मीच म्हटली ना."

"तुमीच म्हटलं होतं, मुक्या बाया लय पाह्यल्या म्हणून. बाई बोलली पाहिजे म्हणून."

"बोललीच पाहिजे," जागृती म्हणाली. "काल बोलली का नाई? न् केव्हा बोलली? मी गप्प बसली तेव्हा. मुकी नव्हती रे ती. मधी मधी मीच बोलून राह्यली होती."

चार वाजता सरिता मॅडमचा फोन आला. अश्वजितने तो स्पीकरवर ठेवला, आणि चार वाक्यांत त्याची जीभ अडखळली तेव्हा जागृतीने फोन आपल्याकडे ओढला. सरिता मॅडमनी सगळं ऐकून घेतलं. त्या चिडल्या नाहीत. समजूत घालू लागल्या.

"जागृतीताई, तुमचा आवाज हीच आमची खरी ओळख आहे. जाहिरात तयार आहे. आता आवाज नाही म्हटलं तर आम्ही लोकांना सांगायचं काय? आणि तुमचाही विचार करा. असं मुख्य काम परत कधी येईल?"

"येईल की," जागृती म्हणाली. "माझा आवाज कुठे जात नाही. आणि कुंदा बोलणार नाही म्हणजे गाव गप्प बसणार, असं कुठे आहे? बारा गावच्या बाया आहेत, म्हाताऱ्या आहेत, त्या सगळ्या मी बोलते. नाहीतरी त्यांचे आवाज अजून घ्यायचेच आहेत. मी पोरांना शिकवते, मॅडम. उत्तर पोराच्या पोटातच असतं. विचारणारा नीट पाहिजे, आणि विचारल्यावर त्याला थांबता आलं पाहिजे. मला विचारणारी करा."

 फोनमध्ये गाडीचा हॉर्न वाजला, पुण्याचा.

"जाहिरातीचं काय करायचं?" सरिता मॅडमनी विचारलं, पण आता त्या वाद घालत नव्हत्या; खरंच विचारत होत्या.

"तीच ठेवा. फक्त माझी वाक्यं काढा. प्रश्न ठेवा, न् उत्तराची जागा मोकळी सोडा. लोक आपोआप बोलतील."

मे महिना त्यातच गेला. जागृतीने अकरा बायांचे आवाज दिले. भांडकुदळ सासू, हळदीच्या अंगाने लाइन केव्हा येते म्हणून विचारणारी नवरी, दात नसलेली एक म्हातारी, जिला फक्त रेडिओ लागायला हवा होता. प्रत्येकीचा गळा वेगळा, प्रत्येकीची बोली थोडी इकडची, थोडी तिकडची. एवढं सुख तिला कुंदाच्या बाराशे वाक्यांत मिळालं नव्हतं, असं तिने एकदा कबूलही केलं. अश्वजितने तीन प्रसंगांतून उत्तरं काढूनच टाकली. तिथे साहेब, पोलीस किंवा गाव विचारायचं, आणि खेळणाऱ्याने बटण दाबेपर्यंत खेळ थांबून राहायचा. बस्स. छायाची ओळ खेळात कुठेच नव्हती. छायानेही ती कुठे गेली असं विचारलं नाही. एकदा ती नव्या प्रतीतली डीपी तपासायला आली आणि दाराला लाथ घालावी लागते हे पाहून खूश होऊन गेली.

शाळा सुरू व्हायला आठवडा उरला असताना शेवटचा प्रसंग घ्यायचा राहिला होता. खांबावर जीव गेलेल्या माणसाच्या घरी कुंदा जाते. तिथे आधी कुंदाचं पानभर बोलणं होतं. ते जाऊन आता त्याच्या बायकोची, रुख्माबाईची, दोनच वाक्यं उरली होती. ती जागृतीने स्वतः लिहिली होती.

तिने पंखा बंद केला. आज ती उभी राहिली नाही. माइक खाली ओढून गादीवर मांडी घालून बसली, समोर कुणीतरी बसलं आहे अशी.

"कुंदा," ती म्हणाली. आवाजात रडणं नव्हतं. घरकाम आटोपून बसलेल्या बाईचा तो आवाज होता. "वर चढाच्या पहिले काय म्हणत होते वं ते?"

पडद्यावरची आवाजाची रेघ उठली आणि सपाट झाली. पाच सेकंद गेले, दहा गेले. एवढी मोकळी जागा ठेवायची गरज नव्हती. थांबणं खेळ स्वतःच सांभाळणार होता. अश्वजितचा हात बंद करण्याच्या बटणाकडे गेला.

जागृतीने बोट वर केलं. थांब.

तो थांबला. ती समोरच्या रिकाम्या जागेकडे पाहत होती. चेहरा जरा पुढे झुकलेला, हळू बोलणाऱ्या माणसाचं ऐकताना झुकतो तसा. मधे एकदा तिच्या भुवया वर गेल्या, मग खाली आल्या. बराच वेळ गेला. शेवटी तिने दोनदा मान हलवली, हात पुढे करून समोरच्या गादीवर ठेवला, आणि रुख्माबाईचं दुसरं वाक्य म्हटलं.

"बरं झालं, सांगितलं."